दीड थाऊ

निखाडे मास्तर बुश हातात घेतात
आणि आधी वाजवून बघतात,
मडकं विकत घेताना वाजवावं तसा.
"पितळ नाही ना हे?"
फॉस्फर ब्राँझ, मी म्हणते. हिंगण्याहून आणलं,
वजनावर, बिल नाही.
"मंग ठीक."
अडतीस वर्षं अंबाझरीच्या ऑर्डनन्समध्ये टर्नर,
आता कमाल चौकामागे एक लेथ, एक व्हाइस
आणि एक कूलर, ज्यात पाणी टाकायचं राहून जातं.

गाडी कामठीच्या लिलावातली.
मावशीच्या नवऱ्यानं बासष्ट साली उचललेली
मिलिटरीची बीएसए, एकशे नव्वद रुपयांत.
मावशीचं खरं मानायचं तर
तिसऱ्या गिअरला ती तेव्हापासूनच रडायची.
जुना बुश निघाला तो एका बाजूनं कागद झालेला,
भोक गोल राहिलं नव्हतं, लिंबासारखं लांबट.
शाफ्टवर मात्र एक ओरखडा नाही.
मास्तर त्या पातळ कडेवरून बोट फिरवत बसले,
गरज नव्हती तरी, बराच वेळ.

"मे महिन्यात काम काढलं, बरं केलं बाई.
अर्धी भट्टी तं फुकटात."
सकाळपासून केसिंग टिनाच्या छपरावर.
सेहेचाळीस डिग्री.
पुरत नाही.
ॲल्युमिनियमला एवढं तापावं लागतं
की पाण्याचा थेंब टाकला तर नाचत नाचत मरेल.
म्हणून गल्लीच्या तोंडाशी, वझीरभाईंच्या बेकरीत,
टोस्टची खेप निघाल्यावर
नानखटाईच्या ट्रेशेजारी आमचं केसिंग.
आणि बुश कुल्फीवाल्याच्या मटक्यात,
बर्फात, खडे मिठात, पिशवीला गाठ मारून.
एकाला फुगवायचं, एकाला आक्रसवायचं,
आणि तीन सेकंदांत गाठ घालून द्यायची.

पहिल्यांदा चुकलं.
मी पोत्यात गुंडाळून धावत आणलं,
बुश गेला, लोण्यात बोट जावं तसा,
टप्प.
आम्ही हसलोसुद्धा.
मग मास्तर वाकले, टॉर्च मारला.
बुशाचं तेलाचं भोक एकीकडे,
केसिंगचं दुसरीकडे.
"वाटणी झालेल्या भावांवानी बसले," म्हणाले.
तेल येणार, दारावर थांबणार, परत जाणार.
छिन्नीनं फोडून काढला तेव्हा
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
"माही चूक. रेघ मारली नाही मी."
पुन्हा तुकडा, पुन्हा लेथ,
रात्री साडेआठपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दोघांच्याही अंगावर पेन्सिलची रेघ.
रेघेला रेघ लागली.
मी टाळी वाजवणार होते,
तर म्हणतात, "थांबा न. बसला म्हंजे झालं का?
दाबला का आतून आवळतोच.
कोणताबी बुश घ्या."
मग रिमर. एकाच दिशेनं, हळू.
उलटा फिरवला तर धार जाते आणि भोकही.
सोन्यासारखा कीस त्यांच्या मनगटावरच्या
घामाला चिकटत गेला.
कुल्फीवाला पैसे मागायला आला होता,
तोही बघत उभा राहिला.

शाफ्टला तेलाचं बोट लावून आत सोडला.
पडला नाही. अडलाही नाही.
स्वतःच्या वजनानं उतरत गेला,
विहिरीच्या पायऱ्या माहीत असलेलं माणूस
अंधारात उतरावं तसा.
"दीड थाऊ," मास्तर म्हणाले.
इंचाच्या हजार भागांतला दीड.
एवढ्याशा फटीत काय मावणार? मी विचारलं.
"तेल."
आणि किती दिवस टिकेल?
"झिजंल न. त्याच्याचसाठी तं बसवला.
तो झिजला नाही तं शाफ्ट झिजंल."

गाडी अजून तिसऱ्याला रडते, थोडी.
तो दात्यांचा दोष आहे, बुशाचा नाही,
हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.
वझीरभाईंकडे त्या आठवड्यात
टोस्टला गिअर ऑइलचा वास येतो अशी तक्रार आली,
त्यांनी ती सरळ माझ्याकडे पाठवली.
जुना बुश मी मागितला नाही.
बिलाचे सुटे शोधताना
मास्तरांच्या शर्टाच्या खिशातून
तो चष्म्याच्या काडीवर वाजलेला
मी ऐकला होता.